एकापेक्षा अधिक डेप्थ कॅमेऱ्यांचा ताळमेळ : बिघाड कसा ओळखावा व दूर करावा



भंडारा जिल्हा हा धानाचा व तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. धानाच्या वाढीचा अभ्यास करताना झाडाची उंची, फुटव्यांची संख्या, पानांचा विस्तार व निसवल्यानंतर लोंब्यांचा झुकाव या बाबींच्या नोंदी घ्याव्या लागतात. आजवर हे काम मोजपट्टी घेऊन हातानेच होत आले आहे. त्यात वेळ फार जातो आणि बांधीत शिरून चूड हाताळल्याने पिकाची मूळ ठेवणही बदलते. यावर उपाय म्हणून पिकाला हात न लावता मोजमाप घेणारे डेप्थ कॅमेरे, म्हणजेच खोली मोजणारे कॅमेरे, आता प्रयोगांमध्ये वापरले जाऊ लागले आहेत.

पिकांचे असे यंत्राने मोजमाप करण्याच्या सोयी आपल्या देशात उभ्या राहिल्या आहेत. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत २०१७ मध्ये नानाजी देशमुख यांच्या नावाने प्लांट फेनोमिक्स केंद्र सुरू झाले. नानाजी मूळचे आपल्या मराठवाड्यातील हिंगोली भागाचे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत झाडांवरून लेसर फिरवून त्यांची त्रिमिती मोजणारी यंत्रणा आहे. या मोठ्या यंत्रणा आहेत. मात्र दोन-तीन लहान डेप्थ कॅमेरे लोखंडी पाइपच्या चौकटीवर बसवून बांधावर काम करणे आज कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही शक्य झाले आहे. अशा वेळी सर्वांत जास्त त्रास देणारी बाब म्हणजे या कॅमेऱ्यांचा आपसातील ताळमेळ. तो बिघडल्यास काय होते, कसे ओळखावे आणि काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

एक अनुभव

मागील एका खरीप हंगामात आम्ही तीन कॅमेऱ्यांची चौकट घेऊन एका शेतकऱ्याच्या बांधीवर गेलो होतो. धान कापणीला आला होता. आमच्या नोंदींसाठी त्यांनी बांधीचा एक कोपरा चार दिवस कापायचा ठेवला होता. आकाशात ढग होते, तरी त्यांनी शब्द पाळला. तिन्ही कॅमेरे सुरू होते, तिन्हींचे दिवे लागले होते, संगणकावर चित्रे येत होती. कोठेही बिघाड दिसत नव्हता. कापणी झाल्यावर चित्रे जोडून पाहिली, तेव्हा एकेका लोंबीच्या जागी दोन लोंब्या दिसू लागल्या. फुटव्यांची संख्या फुगली होती आणि उंचीचा मेळ मोजपट्टीशी बसत नव्हता. शोध घेता एका कॅमेऱ्याकडे जाणारी जमिनीची तार (ज्याला आपण अर्थिंगची तार म्हणतो) सैल निघाली. शेतकऱ्याने विचारले, "सर, आमचा धान मोजून झाला ना?" त्यांना काय उत्तर द्यावे हे सुचले नाही. पीक कापून झाले होते, पुन्हा मोजणे शक्य नव्हते.

या अनुभवातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅमेरा बंद पडला तर लगेच कळते. ताळमेळ बिघडला तर कळत नाही. म्हणून ताळमेळ आहे असे गृहीत न धरता, मोजणीपूर्वी तो स्वतः तपासून घेणे आवश्यक आहे.

ताळमेळ म्हणजे काय?

आपल्याकडे ओळीत रोवणी करताना दोन माणसे दोन धुऱ्यांवर दोरी धरून उभी राहतात. एक ओळ रोवून झाली की दोघेही एकदम दोरी पुढे सरकवतात. एकाने आधी व दुसऱ्याने मागून सरकवली तर ओळ तिरपी होते. कॅमेऱ्यांचेही तसेच आहे. प्रत्येक कॅमेरा साधारणपणे सेकंदाला ३० चित्रे घेतो, म्हणजे दोन चित्रांत सुमारे ३३ मिलिसेकंदांचे अंतर असते. एका कॅमेऱ्याने चित्र घेतले त्याच क्षणी दुसऱ्यानेही घ्यावे, यासाठी एका कॅमेऱ्याला मुख्य ठरवून त्याच्यापासून इतरांना तारेने इशारा दिला जातो. यालाच हार्डवेअर ताळमेळ असे म्हणतात. इशारा घेणाऱ्या कॅमेऱ्यांना या लेखात अनुयायी कॅमेरे म्हटले आहे.

हे तत्त्व नवे नाही. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथील जी.एम.आर.टी. या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. त्या मिळून एकच मोठी दुर्बीण म्हणून काम करतात, कारण सर्वांना एकाच घड्याळाचा आधार दिलेला असतो. आपल्या तीन कॅमेऱ्यांनाही असेच एक घड्याळ लागते.

कॅमेऱ्यांचे दोन प्रकार

दुरुस्तीपूर्वी आपल्याजवळील कॅमेरा कोणत्या प्रकारचा आहे हे पाहणे जरूरीचे आहे, कारण दोहोंमध्ये ताळमेळाचा अर्थ वेगळा आहे.

१) दोन डोळ्यांचे कॅमेरे : माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणे दोन संवेदकांच्या चित्रांतील फरकावरून हे अंतर काढतात. इंटेल कंपनीने २०१८ मध्ये बाजारात आणलेले रिअलसेन्स डी-४१५ व डी-४३५ हे या प्रकारचे आहेत. ते पिकावर अदृश्य प्रकाशाचे ठिपके टाकतात. दोन कॅमेऱ्यांचे ठिपके एकमेकांवर पडले तरी नुकसान होत नाही, उलट पृष्ठभाग अधिक स्पष्ट होतो. येथे सर्वांनी एकाच क्षणी चित्र घ्यावयाचे असते. रोवणीच्या दोरीसारखे.

२) प्रकाशाच्या प्रवासावरून मोजणारे कॅमेरे : हे स्वतः प्रकाश सोडतात व तो परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. मायक्रोसॉफ्टचा अझूर किनेक्ट (२०१९) हा या प्रकारचा. त्याचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले. मात्र त्याच तंत्रावरील ऑर्बेक कंपनीचे कॅमेरे मिळतात. येथे दोन कॅमेऱ्यांनी एकदम प्रकाश सोडला तर एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊन खोली चुकते. म्हणून अझूर किनेक्टमध्ये दोन कॅमेऱ्यांच्या प्रकाशात किमान १६० मायक्रोसेकंदांचे अंतर ठेवण्याची शिफारस आहे. हे तलावाच्या पाणी-पाळीसारखे आहे. सर्वांनी एकदम पाट फोडावयाचा नाही, ठरलेल्या क्रमाने घ्यावयाचा. हे अंतर इतके थोडे आहे की हलणाऱ्या पिकाच्या मोजमापावर त्याचा परिणाम होत नाही.

चूक किती मोठी होते?

समजा, वाऱ्याने लोंबीचे टोक सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने हलत आहे. दोन कॅमेऱ्यांच्या वेळेत एका चित्राचा, म्हणजे ३३ मिलिसेकंदांचा फरक पडला तर त्या अवधीत टोक सुमारे १.६५ सेंटिमीटर सरकते. त्यामुळे एक लोंबी दोन ठिकाणी दिसते. तोच फरक ०.१ मिलिसेकंद असेल तर टोक केवळ ०.०५ मिलिमीटर सरकते आणि चूक जाणवत नाही. पीक स्थिर असले तरी चौकट सेकंदाला एक मीटर वेगाने पुढे नेताना ३३ मिलिसेकंदांत ती ३.३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. लोळणाऱ्या व न लोळणाऱ्या वाणांची तुलना करावयाची असेल तर एवढी चूक निष्कर्ष बदलण्यास पुरेशी आहे.

सायकलच्या चाकाची कसोटी

ताळमेळ तपासण्यास महागडे उपकरण लागत नाही. एक सायकल उलटी करून ठेवावी. पुढच्या चाकाच्या टायरवर एका जागी न चकाकणारी पांढरी फीत चिकटवावी. चाकाला अगदी लागून मागे पुठ्ठा उभा करून त्यावर घड्याळासारख्या खुणा कराव्यात. सर्व कॅमेरे चाकाकडे तोंड करून, शक्य तितके जवळजवळ ठेवावेत आणि चाक सेकंदाला सुमारे एक फेरा या गतीने फिरवावे.

एका फेऱ्यास एक सेकंद लागत असेल तर ३३ मिलिसेकंदांत फीत १२ अंश पुढे जाते. एकाच कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या दोन चित्रांत फीत किती सरकली ते आधी मोजावे, म्हणजे चाकाची खरी गती कळते. नंतर सर्व कॅमेऱ्यांची जोडीची चित्रे घेऊन फीत कोणत्या खुणेवर आहे ते पहावे. ताळमेळ बरोबर असल्यास ती सर्व चित्रांत एकाच खुणेवर दिसते.

डी-४३५ वापरणाऱ्यांनी ही फीत रंगीत चित्रात पाहू नये, इन्फ्रारेड चित्रात पहावी. त्यातील खोलीचे संवेदक पूर्ण चित्र एकाच क्षणी टिपतात, तर रंगीत संवेदक ओळीओळीने टिपतो. त्यामुळे रंगीत चित्रावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

ही कसोटी एकदाच घेऊन थांबू नये. सुरुवातीला, पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी व अर्ध्या तासाने अशी चार वेळा घ्यावी. तार तुटलेली असतानाही सुरुवातीच्या क्षणी कॅमेरे योगायोगाने जुळलेले असू शकतात.

लक्षणांवरून निदान

धानाचे पान पिवळे पडले की आपण आधी पाहतो, पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला की नव्या पानांपासून. जुन्या पानांपासून असेल तर नत्राचा संशय घेतो, कोवळ्या पानांपासून असेल तर गंधकाचा. रंग एकच, पण कारण वेगळे. कॅमेऱ्यांतही फरक आहे एवढे पाहून भागत नाही. तो फरक वेळेनुसार कसा वागतो ते पहावे. त्याचे तीन प्रकार आढळतात.

१) फरक हळूहळू वाढतो : इशारा पोचत नाही आणि प्रत्येक कॅमेरा स्वतःच्या घड्याळावर चालला आहे असे समजावे. दोन घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असल्यास पाच मिनिटांत ६, पंधरा मिनिटांत १८ आणि अर्ध्या तासात ३६ मिलिसेकंदांचे अंतर पडते. दोष तारेत, जोडणीत किंवा मुख्य-अनुयायी या निवडीत शोधावा.

२) फरक कायम तेवढाच राहतो : इशारा पोचतो आहे, पण चित्रांची जोडी चुकीची लावली जात आहे किंवा एक्स्पोजर वेगवेगळे आहे. पूर्ण एका चित्राएवढा फरक असल्यास जोडी चुकली आहे. काही मिलिसेकंदांचाच असल्यास एक्स्पोजर तपासावे.

३) फरक मध्येच उडी मारतो : संगणकाकडे येताना काही चित्रे गळत आहेत. दोष युएसबी केबल, हब किंवा संगणकाच्या क्षमतेत असतो.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर चाकाची कसोटी घ्यावी. तीन बदल एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१) तार व जोडणी : रिअलसेन्स डी-४०० मालिकेत नऊ पिनांच्या लहान जोडणीतील ५ व्या पिनेवर इशारा आणि ९ व्या पिनेवर जमिनीची तार असते. फक्त इशाऱ्याची तार जोडून चालत नाही, जमिनीची तारही सर्व कॅमेऱ्यांना जोडलेली असावी. प्रत्येक तार हलकेच ओढून पहावी व मीटरने तपासावी. या जोडणीचा दाब १.८ व्होल्ट आहे. बाहेरच्या ५ व्होल्टच्या मंडळातून तिला सरळ इशारा देऊ नये, कॅमेरा कायमचा निकामी होऊ शकतो. अझूर किनेक्टमध्ये कानात घालावयाच्या हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची पिन असते. मुख्य कॅमेऱ्याच्या 'आउट' मधून निघालेली तार अनुयायाच्या 'इन' मध्येच जावी. उलटसुलट जोडणी ही नेहमी होणारी चूक आहे. दोन कॅमेऱ्यांमधील तार १० मीटरपेक्षा लांब नसावी.

२) मुख्य व अनुयायी यांची निवड : मुख्य कॅमेरा एकच असावा. रिअलसेन्समध्ये मुख्यसाठी १ व अनुयायासाठी २ हा आकडा संगणकावरून द्यावा लागतो. कॅमेरा बंद करून पुन्हा लावल्यावर ही निवड टिकली आहे असे समजू नये, ती पुन्हा पहावी. महत्त्वाची बाब अशी की, रिअलसेन्सचा अनुयायी इशारा न मिळाल्यास थांबत नाही. तो स्वतःच्या गतीने चित्रे घेतच राहतो. आमची फसगत येथेच झाली. अझूर किनेक्टचा अनुयायी मात्र इशाऱ्याची वाट पाहत थांबतो. म्हणून तेथे आधी सर्व अनुयायी सुरू करावेत व मुख्य कॅमेरा शेवटी सुरू करावा.

३) चित्रांची गती व एक्स्पोजर : सर्व कॅमेऱ्यांत सेकंदाला चित्रांची संख्या एकच ठेवावी. एक ३० वर व दुसरा १५ वर असल्यास ताळमेळ बसत नाही. आपोआप एक्स्पोजर बंद करून सर्वांना एकच आकडा द्यावा. समजा दोन कॅमेरे एकाच क्षणी सुरू झाले, पण एकाचे एक्स्पोजर २ व दुसऱ्याचे १० मिलिसेकंद आहे. तर दोहोंच्या मध्यबिंदूंत ४ मिलिसेकंदांचा फरक पडतो व वर सांगितलेल्या वेगाने लोंबी २ मिलिमीटर सरकते.

४) केबल व संगणक : डी-४३५ मध्ये ८४८ × ४८० बिंदूंचे खोलीचे चित्र सेकंदाला ३० वेळा पाठविण्यास सुमारे २४ मेगाबाइट लागतात. १२८० × ७२० चे रंगीत चित्र जोडल्यास त्यात आणखी सुमारे ५५ मेगाबाइटची भर पडते. म्हणजे एका कॅमेऱ्याचे सुमारे ८० व तिघांचे सुमारे २४० मेगाबाइट झाले. जुन्या युएसबी-२ ची कमाल मर्यादाच सेकंदाला ६० मेगाबाइट आहे. केबल खराब असल्यास युएसबी-३ चा कॅमेरा कोणतीही तक्रार न करता युएसबी-२ वर उतरतो आणि चित्रे गळू लागतात. म्हणून संगणकावर कॅमेरा कोणत्या गतीने जोडला गेला आहे ते प्रथम पहावे. शक्यतो सर्व कॅमेरे एकाच हबवर लावू नयेत. रंगीत चित्राची गरज नसल्यास रिअलसेन्समध्ये ते बंद ठेवावे. मात्र अझूर किनेक्टच्या मुख्य कॅमेऱ्यात रंगीत भाग सुरूच ठेवावा लागतो, कारण इशारा त्यापासूनच निघतो.

५) वेळेची नोंद : पत्रावर लिहिल्याची तारीख वेगळी असते व टपाल पोचल्याचा शिक्का वेगळा. चित्रावरही दोन वेळा असू शकतात, एक कॅमेऱ्याने टिपल्याची व दुसरी संगणकावर पोचल्याची. जोडी लावताना पहिलीच वापरावी. पोचण्याची वेळ संगणकावरील कामाच्या भारानुसार मागेपुढे होते. चित्रांचे अनुक्रमांकही नोंदवावेत, म्हणजे मधले चित्र गळाल्यास लगेच कळते.

धानाच्या बांधीत घ्यावयाची विशेष काळजी

ताळमेळ बरोबर असूनही मोजमाप चुकत असेल तर दोष बांधीतील परिस्थितीत असू शकतो.

• साचलेले पाणी आरशासारखे वागते व खोली चुकते. शक्य असल्यास पाणी कमी असताना मोजणी करावी.
• भर उन्हातील सूर्यप्रकाश कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रकाश झाकून टाकतो. विशेषतः दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्यांसाठी सकाळची किंवा सायंकाळची वेळ निवडावी.
• चारसूत्री पद्धतीने २५-१५ सेंटिमीटर अंतरावर लावलेल्या बांधीत चौकटीचे पाय २५ सेंटिमीटरच्या मोकळ्या पट्ट्यात टेकवावेत, म्हणजे चुडांना धक्का लागत नाही.
• तारांच्या जोडण्या चिखल व दवापासून झाकाव्यात आणि तारा चौकटीला बांधून घ्याव्यात. लोंबकळणारी तारच पायात अडकते व सैल होते.

बांधीवर जाण्यापूर्वी

१) आदल्या दिवशी अंगणात चाकाची कसोटी चार वेळा घ्यावी व निकाल वहीत लिहावा.
२) बांधीवर चौकट उभी केल्यावर ती पुन्हा एकदा घ्यावी, कारण वाहतुकीत जोडण्या सैल होतात.
३) दर तासाला पाच चूड मोजपट्टीने मोजून कॅमेऱ्याच्या आकड्यांशी पडताळावेत. मोजपट्टी ही आपली साक्षीदार आहे.
४) त्याच दिवशी, पीक उभे असतानाच, निदान काही चित्रे जोडून पहावीत.
५) जादा केबल व जादा इशारा-तार सोबत ठेवावी.

समारोप

डेप्थ कॅमेरे आज प्रामुख्याने प्रयोगांसाठी वापरले जातात. तथापि, ज्यांच्या बांधीत असे प्रयोग होतात त्या शेतकऱ्यांनी आणि ते करणाऱ्या ग्रामीण युवकांनीही ही माहिती ठेवावी. आपल्या बांधीवर कोणी यंत्र घेऊन आले तर, "मोजण्याआधी तपासले का?" असे विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. निसवा एकदाच येतो, कापणी एकदाच होते. मोजण्याची संधी हुकली तर ती पुढच्या हंगामापर्यंत परत येत नाही. आमच्यासाठी कोपरा राखून ठेवणाऱ्या त्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षीही जागा दिली. त्या वेळी चौकट बांधीवर नेण्यापूर्वी त्यांच्याच अंगणात, त्यांचीच सायकल उलटी करून, त्यांच्या देखत आम्ही कसोटी घेतली. फीत तिन्ही चित्रांत एकाच खुणेवर आली, तेव्हाच मोजणीस सुरुवात केली.